दहा औट पस्तीस

दिगूअण्णांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, खाली कोणीतरी बाई भांडते आहे. चिक्कडपल्लीच्या त्या इमारतीत राहायला येऊन आम्हाला दोनच दिवस झाले होते. पाण्याचा टँकर अर्धाच भरून आला होता आणि बारीक, चिरक्या आवाजात तेलुगूतून टँकरवाल्याची अशी काही हजेरी चालली होती की तो बिचारा पाइप हातात धरून नुसता उभा होता. मी गॅलरीतून वाकून पाहिलं. भांडणारी बाई नव्हती. सहा फुटांवर उंची, रेड्यासारखी मान, कपाळ अर्धं झाकणाऱ्या भुवया. तो कालनाथ होता.

कालनाथ म्हणजे तेलुगू सिनेमातला त्या काळचा सगळ्यात भयंकर खलनायक. पडद्यावर तो नुसता हसला तरी थिएटरात पुढच्या रांगेतली पोरं आईच्या कुशीत शिरायची. त्याचा तो घनगंभीर, विहिरीतून आल्यासारखा आवाज मीसुद्धा ऐकला होता. आणि हा समोरचा आवाज! मी बघतच राहिले. त्यांनी मान वर केली, मला पाहिलं आणि वाक्य अर्धवट टाकून ते जिन्यात शिरले.

संध्याकाळी त्यांच्या पत्नी, निर्मलावहिनी, वाटीभर लिंबाचं लोणचं घेऊन आमच्याकडे आल्या. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर दारात थांबून म्हणाल्या, "बाई, सकाळी तुम्ही ऐकलंत ते बाहेर कुठं बोलू नका हं. त्यांच्या पोटावर येईल." मी कोठीतल्या मराठी शाळेत शिकवत होते. पोरांची बरीच गुपितं माझ्या पोटात होती. हे त्यातच एक ठेवून दिलं.

दिगंबर भालकीकर हे त्यांचं खरं नाव. जन्म गौलीगुड्यातला. घरातल्या तीन पिढ्या सरकारी कचेरीत खर्डेघाशी करत आलेल्या. शाळेत मराठी आणि उर्दू झालेलं, म्हणून तेलुगू बोलायला फर्डं आणि वाचायला शून्य. वडील, म्हणजे नाना, रोज दिवेलागणीला पोराला भिंतीशी उभं करून पाढे म्हणवून घ्यायचे. साधे नव्हेत, अपूर्णांकांचे. पावकी, निमकी, दिडकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन, हे आता सांगावं लागतं, पण नानांच्या घरी औटकी चुकली तर ताट मिळत नसे. आणि एक नियम असा कडक की मध्ये कुठं थांबलं, अडखळलं, कोणी हाक मारली, तरी पुन्हा पहिल्यापासून. दहापर्यंत गेल्याशिवाय सुटका नाही.

गणेशोत्सवातल्या नाटकांत या धिप्पाड मुलाला दरवर्षी द्वारपाल करत. तोंड उघडलं की प्रेक्षक हसणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. अशाच एका नाटकात भाला धरून उभे असताना एका तेलुगू दिग्दर्शकाच्या माणसानं त्यांना पाहिलं आणि उचलून स्टुडिओत नेलं. तिथं कॅमेऱ्याच्या बाजूला उभा राहून सहायक ओरडून ओरडून संवाद सांगायचा आणि नटानं ते ऐकून म्हणायचे. तो संवाद किनारपट्टीकडचा, शुद्ध, लांबलचक. आमच्या गौलीगुड्याच्या जिभेवर तो बसेना. दिग्दर्शक वैतागून म्हणाला, "अरे, काही पण बोल. नुसते ओठ हलव. आवाज नंतर दुसरा माणूस देईल. एक दोन तीन म्हण."

एक दोन तीन तर बालवर्गातली पोरं म्हणतात. अण्णांनी नायिकेच्या बापाच्या गळ्याला हात घातला, डोळे फिरवले आणि गरजले, "बे औट सात! तीन औट साडेदहा!"

हे त्यांनी मला सांगितलं ते फार पुढं. आधी परीक्षा घेतली. जिन्यात अडवून विचारलं, "सात औट?" मी म्हटलं, "साडेचोवीस." तेव्हा कुठं त्यांचा माझ्यावर विश्वास बसला. मग म्हणाले, "बाई, त्याची पण एक सिस्टीम होती. धमकी द्यायची तर औटकी, तोंड मोठं उघडतं. कुणाची टर उडवायची तर दिडकी. मरताना निमकी. अन् पाया पडून माफी मागायची असली तर पावकी. पावकीत माणूस आपोआप गरीब दिसतो." हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सारं राज्य ज्याला घाबरत होतं तो माणूस वर्षानुवर्षं साडेतीनचा पाढा म्हणत होता.

आवाज होता अवधानीगारूंचा. हे किनाऱ्याकडचे, काडीपैलवान, खांद्यावर उपरणं. अंधाऱ्या खोलीत बसून, मिरी घातलेलं गरम पाणी पीत ते अण्णांच्या हलत्या ओठांत शब्द भरायचे. औटकीच्या कोणत्या ओळीला तोंड किती उघडतं हे त्यांना इतकं पाठ झालं होतं की पुढंपुढं ते लेखकाला सांगून संवादातले शब्द बदलून घेत. दोघांची जोडी जमली आणि कालनाथ नावाचा राक्षस तयार झाला. निर्मात्यांनी अण्णांना तंबी देऊन ठेवली होती, चारचौघांत तोंड उघडायचं नाही.

ती तंबी त्यांच्या हाडांत मुरली. एकदा कोठीत पुस्तकं घ्यायला मी त्यांच्याबरोबर गेले होते. दुकानदारानं ओळखलं. "अन्ना, ओक्क डायलॉग!" एक तरी डायलॉग म्हणा म्हणून मागं लागला. अण्णांनी एक भुवई उचलली, त्याच्याकडे रोखून पाहिलं आणि बोट ओठांवर ठेवलं. दुकानदार खूश! दंडावरचा काटा सगळ्यांना दाखवत सुटला. हवं ते पुस्तक मीच मागितलं, मीच घेतलं. परतीच्या रिक्षात पाहते तर अण्णांचा सदरा पाठीला चिकटलेला. म्हणाले, "बाई, त्यानं अजून एकदा विचारलं असतं ना, तर मी पळालो असतो."

आता जे सांगायचं आहे ते त्यांच्या बाजूनं बोलणारं नाही. पण सांगायलाच हवं. एके दिवशी अवधानीगारू त्यांच्या घरी आले. मी वहिनींकडे बसले होते. अवधानी म्हणाले, "दिगंबरम, पुढच्या पिक्चरमध्ये नावं येतात तिथं माझं एक छोटंसं नाव घालायला सांग. आवाज म्हणून. निर्माता म्हणतो, कालनाथ हो म्हणाले तर घालतो." अण्णांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. तिकडेच बघत म्हणाले, "लोकांना कळलं तर माझं काय राहील?" अवधानींनी उपरणं सारखं केलं, वहिनींना नमस्कार केला आणि गेले. पुन्हा आले नाहीत, स्टुडिओतही आणि घरीही. काही वर्षांनी ते वारले. अण्णा त्यांच्या गल्लीपर्यंत गेले, कोपऱ्यावर उभे राहिले आणि परत आले. मला त्या दिवशी त्यांचा रागही आला होता आणि कीवही.

अवधानींनी येणं सोडलं त्याच्या पुढच्याच सिनेमात दुसऱ्या कोणाचा आवाज लागला. जाड होता, पण ओठांवर बसत नव्हता. लोकांमध्ये कुजबुज सुरू झाली. मग त्या सिनेमाच्या समारंभात, भरल्या सभागृहात, सूत्रसंचालकानं गंमत म्हणून माईक त्यांच्या तोंडापुढं धरला. "कालनाथगारू, लोक म्हणतात तुमचा आवाज बदलला. आज इथंच ऐकवा!" अण्णांनी बोट ओठांवर ठेवलं. तो ऐकेना. लोक टाळ्या वाजवू लागले, ठेका धरून. वहिनी आणि मी तिसऱ्या रांगेत होतो. अण्णांनी माईक घेतला आणि "अंदरिकी नमस्कारम", सगळ्यांना नमस्कार, एवढंच म्हणाले.

मग मागच्या बाजूनं कोणीतरी त्याच चिरक्या आवाजात "नमस्कारम" म्हटलं आणि सगळं सभागृह हसत सुटलं. मी खूप वर्ग शिकवले आहेत, एखाद्या मुलावर सगळा वर्ग हसतो तेव्हा कसं वाटतं ते मला ठाऊक आहे. पण शिक्षिका फळ्यावर डस्टर आपटू शकते. तिथं मी काय आपटणार होते? वहिनींनी माझा हात इतका घट्ट धरला की माझी बांगडी वाढली.

त्यानंतर कालनाथ पडद्यावर आला की थिएटरात लोक बारीक आवाज काढायचे. खलनायकाचं काम बंद झालं. विनोदी कामं आली, त्या आवाजासाठीच आली. अण्णांनी ती घेतली नाहीत. वीस-बावीस वर्षं हा माणूस गॅलरीत खुर्ची टाकून बसला. फोन वहिनी घ्यायच्या. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, तिच्याशी मात्र बोलायचे, दार लावून. वहिनी गेल्या तेव्हा भेटायला आलेल्यांसमोरही ते मान हलवत राहिले, एक शब्द बोलले नाहीत. टँकरवाला तेवढा त्यांच्या तावडीतून कधी सुटला नाही.

आणि टँकरवाल्यानंच त्यांना पुन्हा सिनेमात आणलं म्हणायचं. दोन वर्षांपूर्वी श्रावंती नावाची एक तरुण दिग्दर्शिका आमच्या इमारतीत भाड्यानं जागा बघायला आली होती. जिन्यात तिनं तो आवाज ऐकला आणि जागा बघायचं सोडून खाली धावली. अण्णांना ती ओळखतसुद्धा नव्हती. तिला तो आवाज हवा होता, ते आमच्या भागातलं रांगडं तेलुगू हवं होतं. अण्णांच्या काळी ज्या बोलीत पडद्यावर फक्त नोकर आणि विदूषक बोलत, त्या बोलीत आता नायक बोलतात, हे अण्णांच्या गावीही नव्हतं.

तिच्या सिनेमात एक म्हातारा बाप होता. घरात सगळे त्याला टरकून असतात, तो सिनेमाभर एक अक्षर बोलत नाही. शेवटी मुलगा त्याला जुन्या घरातून नव्या फ्लॅटमध्ये न्यायला येतो, तेव्हा म्हातारा तोंड उघडतो. दोनच वाक्यं. "नेन् याडिकि रान्. ईडने उंट." मी कुठं येणार नाही. इथंच राहीन.

"आणि सर, डबिंग नाही," श्रावंती म्हणाली. "तुम्ही बोलाल तेच, तिथल्या तिथं रेकॉर्ड."

अण्णांनी तिला चहा पाजून वाटेला लावलं आणि तडक माझ्याकडे आले. खुर्चीवर बसले नाहीत. "बाई, मी हौ म्हणून बसलो. हे काय हौला, येड्यासारखं काम केलं मी? पुन्हा हसले तर ह्या वयात कुठं जाऊ?"

"नाही म्हणून सांगा मग."

"नक्को. अवधानीला काय तोंड दाखवू? त्याचा आवाज घेऊन नाव कमावलं, नाव पण नाही दिलं त्याला. एकदा तरी माझ्या आवाजात बोलायला पाहिजे. मग हसू देत."

तर हे असं होतं. मी ती दोन वाक्यं मोठ्या देवनागरी अक्षरांत पुठ्ठ्यावर लिहून दिली आणि आम्ही रोज सकाळी गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी तालीम करू लागलो. अण्णा सुरेख बोलायचे. त्या बारीक आवाजात भलताच हट्ट यायचा. चौथ्या दिवशी मी म्हटलं, पुण्याला मुलीला पाठवू या, आणि मोबाइलचा कॅमेरा त्यांच्यावर धरला. अण्णांनी श्वास घेतला. डोळे स्थिर झाले.

"बे औट सात," ते म्हणाले.

आम्ही दोघंही हसलो. पुन्हा कॅमेरा धरला. पुन्हा बे औट सात. मग कोणी हसलं नाही. त्या दिवशी आम्ही वीस वेळा तरी केलं असेल. मोबाइल खाली घेतला की वाक्य बरोबर, वर केला की औटकी. सबंध हयातीत कॅमेऱ्यासमोर त्यांच्या तोंडून पाढ्यांशिवाय दुसरं काही निघालंच नव्हतं. अण्णा टाकीला टेकून खाली बसले. म्हणाले, "श्रावंतीला नक्को बोलू."

मी सांगायला हवं होतं. अजूनही मला तसंच वाटतं. पण मी बोलले नाही. पंधरा दिवस रोज गच्चीवर चढत राहिले आणि फरक पडत नाही हे बघत राहिले.

शूटिंग गौलीगुड्यातल्याच एका घरात होतं. सकाळची वेळ. पंखे बंद केलेले, कारण आवाज रेकॉर्ड होणार. गल्लीतल्या इस्त्रीवाल्याला आणि दळणवाल्याला हातापाया पडून थांबवलेलं. मला दाराच्या आत, भिंतीशी स्टूल दिलं होतं. मुलाचं काम करणारा नट, तेलुगू रीतीनं बापाला नान्ना म्हणत, अण्णांसमोर हात जोडून बोलला, "नान्ना, चला माझ्याबरोबर." कॅमेरा अण्णांच्या चेहऱ्यावर आला.

"बे औट सात. तीन औट..."

"कट."

श्रावंतीला वाटलं, त्यांना वाक्य आठवेना. तिनं प्रेमानं वाक्य सांगितलं. दुसऱ्यांदा तेच झालं. तिसऱ्यांदा अण्णांनी ओठ घट्ट मिटून घेतले, मानेच्या शिरा फुगल्या, आणि मग तोंडातून निसटलं ते "बे औट". आवाज घेणाऱ्या मुलानं कानावरचा हेडफोन काढला आणि शेजारच्याकडे पाहून खाली बघितलं. हसू दाबत होता. अण्णांनी ते पाहिलं, मीही पाहिलं.

सातव्या वेळेनंतर श्रावंती माझ्याजवळ येऊन खाली बसली. "मॅडम, सर कू टेन्शन नक्को लेओ बोलो. चेहरा तो कमाल है उनका. वो कुछ भी बोलने दो, मैं किसी से डब करा लूँगी."

तिनं हळू आवाजात सांगितलं होतं, पण पंखे बंद होते. अण्णांच्या कानावर ते पडलं. त्यांचा चेहरा असा पडला की मला तिथून उठून जावंसं वाटलं. मग ते माझ्याकडे बघून मराठीत म्हणाले, "बाई, ते मला कधी पुरा करूच देत नाहीत."

"काय पुरा?"

"पाढा. दरवेळी कट म्हणतात. चौथ्या, पाचव्यालाच कट. जन्मात एकदा दहापर्यंत गेलो नाही मी कॅमेऱ्यापुढं."

मला गौलीगुड्यातली नानांची ती भिंत आठवली, जी मी कधी पाहिली नव्हती. मध्ये थांबलं की पुन्हा पहिल्यापासून. मी श्रावंतीचा हात धरला आणि माझ्या मोडक्यातोडक्या तेलुगूत सांगितलं, काहीही झालं तरी कट म्हणू नको. कॅमेरा चालू ठेव. हसायचं नाही, हलायचं नाही. हे मी वर्गातल्या आवाजात म्हटलं असावं, कारण हेडफोनवाला मुलगा ताठ बसला.

मुलाचं काम करणारा नट पुन्हा म्हणाला, "नान्ना, चला माझ्याबरोबर."

अण्णांनी सुरुवात केली, एक औटपासून. घाई नाही, गर्जना नाही. नानांसमोर म्हणायचे तसं. पाच औट साडेसतरा. सहा औट एकवीस. सातला ते थांबले. ओठ हलले, आकडा येईना. इतक्या वर्षांत कॅमेऱ्यापुढं सातपर्यंत कधी पोचलेच नव्हते ना! मी मनात ओरडत होते, साडेचोवीस, अण्णा, साडेचोवीस. बाहेर गल्लीत कुत्रं भुंकलं आणि गप्प झालं. अण्णांच्या कपाळावरून घाम भुवईत उतरला.

"साडेचोवीस," ते म्हणाले. मग आठ, मग नऊ. "दहा औट पस्तीस."

पाढा संपला. अण्णांनी समोरच्या मुलाकडे असं पाहिलं जणू तो आत्ताच दारातून आत आला आहे. आणि त्या बारीक, चिरक्या, म्हाताऱ्या आवाजात म्हणाले, "नेन् याडिकि रान्. ईडने उंट."

कोणी कट म्हणेना. श्रावंती रडत होती.

सिनेमा लागला तेव्हा मी आणि अण्णा दुपारच्या खेळाला गेलो, मागच्या रांगेत, अण्णांच्या डोक्यावर माकडटोपी. श्रावंतीनं बोलावलेल्या खास खेळाला ते गेले नव्हते. "ते लोक ओळखीचे, हसणार नाहीत," म्हणाले. थिएटर बऱ्यापैकी भरलेलं होतं. सिनेमा पुढं सरकत होता तसा अण्णांचा हात माझ्या मनगटावर आवळत होता. शेवटचा प्रसंग आला. श्रावंतीनं पाढ्याचा आवाज काढून टाकला होता, पण चित्र ठेवलं होतं. पडद्यावर म्हाताऱ्याचे ओठ नुसते हलत होते, कितीतरी वेळ. लोकांना वाटलं असेल, देवाचं नाव घेतोय. शेजारी अंधारात अण्णांचेही ओठ हलत होते. आठ. नऊ. दहा.

मग तो आवाज आला.

मी डोळे मिटून घेतले. हसू येणार असेल तर आता येणार होतं, मागच्या बाजूनं, तसंच. कुठंच काही आलं नाही. पडद्यावर मुलगा वाकून बापाच्या पायाशी बसला आणि दिवे लागायच्या आधी आमच्या पुढच्या रांगेतल्या दोन माणसांचं बोलणं ऐकू आलं.

"आवाज किन्ने दिया रे इसकू?"

"कोई नै दिया. उसकाच है."

अण्णांनी माझं मनगट सोडलं. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि लोक बाहेर पडत असताना, सगळ्यांना चेहरा दिसेल असे, तसेच बसून राहिले.